आधी कुणीतरी घातलेलं

1922 साली एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेतले बहुतेक गिर्यारोहक ट्वीडचे कोट, लोकरी स्वेटर आणि मफलर अशा वेशात बर्फ तुडवत होते. मायदेशी शिकारीला जाताना जे अंगावर घालायचं, तेच थरावर थर चढवून त्यांनी हिमालय गाठला होता. जॉर्ज इंगल फिंच तेवढे वेगळे दिसायचे. ऑस्ट्रेलियात जन्मलेले आणि झुरिचमध्ये शिकलेले हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी मोहिमेसाठी खास एक कोट करवून घेतला होता. बाहेरून बलूनसाठी वापरतात ते वारा न शिरू देणारं कापड आणि आत आयडर बदकाची मऊ पिसं. सोबतच्यांनी आधी त्या फुगीर कोटाची टिंगल केली. थंडी वाढली तशी टिंगल थांबली आणि सगळे हेव्याने पाहू लागले, असं फिंच यांनी डायरीत लिहून ठेवलं आहे. 27 मे रोजी जेफ्री ब्रूस यांच्यासह ऑक्सिजनची नळकांडी पाठीवर घेऊन ते सुमारे 8,300 मीटरपर्यंत पोचले. तोवर इतक्या उंचीवर कुणी चढलं नव्हतं.

दोन वर्षांनंतरच्या मोहिमेत फिंच यांना घेतलं नाही. पुढे 1952 मध्ये ते पुण्यात आले. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक म्हणून 1957 पर्यंत ते इथे होते. 29 मे 1953 रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले, त्या काळात ऑक्सिजन आणि पिसांचा कोट या दोन्हींचा आग्रह तीस वर्षं आधी धरणारा माणूस पुण्यात एका प्रयोगशाळेचा कारभार पाहत होता. प्रयोगशाळेवरून रोज जाणाऱ्या पुणेकरांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आज मिलान, पॅरिस किंवा लंडनमधल्या काचेच्या दुकानांत जी टाके घातलेली फुगीर जॅकेटं हजार युरोंच्या वर विकली जातात, त्यांच्या वंशावळीत तो कोट बसतो. आणि तशी जॅकेटं दहा, वीस, तीस वर्षं वापरून पुन्हा बाजारात येतात तेव्हा त्यांच्याभोवती एक वाद उभा राहतो. मोठी फॅशन घराणी ज्याला आपला वारसा म्हणतात, तो वारसा नेमका कुणाचा? घराण्याचा, की ते कपडे शिवणाऱ्यांचा, घालणाऱ्यांचा, जपून पुढे देणाऱ्यांचा? गेली काही वर्षं मी या वापरलेल्या जॅकेटांच्या बाजाराकडे लक्ष ठेवून आहे आणि माझं उत्तर हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकत गेलं आहे.

पिसांचं काम कसं चालतं हे कळलं की या कपड्याचा इतिहास सोपा होतो. ऊब पिसांत नसते, पिसांनी अडवून धरलेल्या हवेत असते. पाणपक्ष्यांच्या छातीवरच्या लवेला कडक दांडा नसतो. एका बिंदूतून असंख्य बारीक तंतू चहूबाजूंना फुटतात, एकमेकांत गुंततात आणि हवेला हलू देत नाहीत. ही लव नुसती दोन कापडांमध्ये भरली तर ती खाली घसरते. खांदे रिकामे पडतात आणि कंबरेशी गोळा होतो. म्हणून टाके घालायचे. टाक्यांनी कप्पे होतात आणि लव आपापल्या कप्प्यात राहते. पण टाक्याच्या रेषेवर दोन्ही कापडं एकमेकांना टेकतात आणि तिथूनच गारवा आत येतो. मग टाके किती अंतरावर घालायचे, हा शिवणाऱ्यापुढचा खरा प्रश्न. गिर्यारोहकाला रुंद, फुगलेले कप्पे हवेत. घोड्यावर बसणाऱ्याला हातापायांची हालचाल मोकळी हवी, त्याला पातळ भराव आणि जवळजवळ टाक्यांची शंकरपाळी चालते. आजीच्या गोधडीत धावदोरा जे करतो तेच इथे मशीनचा टाका करतो. आतल्या गोष्टीला तिच्या जागी धरून ठेवतो.

ही विद्या युरोपात जुनी आहे. मध्ययुगात चिलखताखाली घालायला भरीव, टाके घातलेले अंगरखे असायचे. 17व्या शतकात मार्सेल बंदरात हिंदुस्थानातली छिटं उतरू लागली आणि प्रोव्हान्समध्ये त्यांचे भरीव टाक्यांचे परकर आणि पांघरुणं शिवली जाऊ लागली. छिटांची इतकी चलती झाली की फ्रान्समधल्या रेशीम आणि लोकरीच्या धंद्यांना धोका वाटू लागला. 1686 मध्ये सरकारने या कापडावर बंदी घातली, ती 1759 मध्ये उठली. बंदीच्या त्या काळातही लोक छिटं चोरून आणत आणि वापरत राहिले. फ्रेंच वस्त्रकलेच्या ज्या परंपरेचा आज गौरव होतो, तिच्या अस्तरात आपल्याकडच्या रंगाऱ्यांचे हात आहेत.

*

आजचं जॅकेट मात्र कष्टाच्या कामातून आलं. अमेरिकेत सिएटलला खेळसाहित्याचं दुकान चालवणारे एडी बाउअर 1930च्या दशकात हिवाळ्यात मासेमारीला गेले असताना गारठून मरणाच्या दारात पोचले. लोकरीचे कपडे भिजून जड झाले होते. त्यानंतर त्यांनी पिसांचं, शंकरपाळी टाक्यांचं जॅकेट तयार केलं. 1936 पासून ते विकायला लागले आणि 1940 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांसाठी त्यांनी पिसांचे कोट पुरवले.

फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ मोनेस्तिए द क्लेरमों नावाचं डोंगरातलं गाव आहे. 1952 मध्ये तिथे रेने रामियों आणि आंद्रे व्हँसाँ यांनी एक कारखाना काढला आणि गावाच्याच नावाची अक्षरं जोडून त्याला मोंक्लेर म्हटलं. सुरुवातीचा माल म्हणजे तंबू, भरीव टाक्यांच्या झोपायच्या पिशव्या आणि टोपी जोडलेले अंगरखे. पहिली पिसांची जॅकेटं विकण्यासाठी नव्हतीच. कारखान्यात गारठा असायचा, तिथल्या कामगारांनी कामाच्या कपड्यांवर घालावीत म्हणून ती केली होती. लिओनेल तेरे या गिर्यारोहकाने ती पाहिली आणि ही डोंगरावर नेण्याजोगी आहेत हे ओळखलं. 1954 मध्ये के-टू शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन मोहिमेला मोंक्लेरने जॅकेटं पुरवली. 1955 मध्ये तेरे स्वतः मकालूच्या माथ्यावर गेले. 1968 च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिंपिकमध्ये फ्रेंच स्कीपटूंच्या अंगावर हीच जॅकेटं होती.

पुढे 1980च्या दशकात मिलानमधल्या एका पिढीने ती उचलली. पानिनारी म्हणून ओळखली जाणारी ही तरुण मुलं सँडविचच्या दुकानांभोवती जमायची आणि बर्फाचा मागमूस नसताना रंगीबेरंगी मोंक्लेर घालून हिंडायची. त्यानंतर कंपनीला वाईट दिवस आले. 2003 मध्ये रेमो रुफिनी यांनी ती विकत घेतली, उंची फॅशनच्या रस्त्याला लावली आणि 2013 च्या अखेरीस मिलानच्या शेअर बाजारात तिची नोंदणी झाली. आता तिच्या जाहिरातीत के-टू आणि तेरे यांची नावं येतात. कामगारांच्या गारठ्याची गोष्टही सांगितली जाते, हे मला चांगलं वाटतं. पण ज्या कामगारांच्या अंगावर ती जॅकेटं पहिल्यांदा चढली, त्यांची नावं त्या गोष्टीत नसतात.

इंग्लंडमधली शाखा वेगळी आहे. तिथे पिसांऐवजी कृत्रिम धाग्याचा पातळ भराव आला. सफोक परगण्यात स्थायिक झालेले स्टीव्ह गायलस हे अमेरिकी गृहस्थ 1965 च्या सुमारास नायलॉनचं, टाके घातलेलं हलकं जॅकेट करू लागले. नाव ठेवलं हस्की. शिकार, घोडे, कुत्रे, पाऊस आणि चिखल यांत राहणाऱ्या लोकांना ते इतकं आवडलं की राणी एलिझाबेथही ते घालू लागल्या. त्याच सफोकमध्ये 1969 साली घोड्यांच्या पाठीवर टाकायची तागाची जड झूल बदलून टाके घातलेल्या नायलॉनची झूल आली. लॅव्हनहॅम नावाच्या या उद्योगाने काही वर्षांतच माणसांसाठी जॅकेटं शिवायला घेतली. साउथ शील्ड्सच्या बार्बरने मेणकापडाच्या कोटांवर नाव कमावलं होतं, 1990च्या दशकात त्यांनीही असं जॅकेट आणलं. कॉर्डुरॉयची कॉलर, टिचबटणं, दोन मोठे खिसे, बाजूला घोड्यावर बसताना उघडणारी चीर. हा साचा आजतागायत फारसा बदललेला नाही. बर्बरीची शंकरपाळी जॅकेटं, आत बदामी रंगाच्या चौकड्यांचं अस्तर असलेली, याच साच्यावर बेतली आहेत.

उंची घराण्यांनी हा कपडा उचलला तो असा तबेल्यातून, कारखान्यातून आणि डोंगरावरून. शनेल घराणं तर स्वतःच सांगतं की गाब्रिएल शनेल यांना शर्यतीच्या पागेत काम करणाऱ्या मुलांची टाके घातलेली जॅकेटं आवडायची आणि फेब्रुवारी 1955 मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध हँडबॅगवरचे टाके तिथून आले.

याला एक मोठा अपवाद आहे आणि त्यावर थांबावंसं वाटतं. चार्ल्स जेम्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले, अमेरिकेत गाजलेले वेशकार. 1937 मध्ये त्यांनी पांढऱ्या साटिनचं, आयडरची लव भरलेलं संध्याकाळचं जॅकेट केलं. टाक्यांच्या रेषा सरळ नाहीत, वळणं घेत अंगाभोवती फिरतात आणि कप्पे ढगासारखे फुगतात. मान आणि बगल इथे भराव कमी केलेला, नाहीतर हात हलला नसता. हिवाळी कपड्याला शिल्पाची प्रतिष्ठा देणारं असं काम त्याआधी झालेलं मला माहीत नाही. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जेम्स 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात हलाखीत वारले. त्यांचं घराणं मागे उरलं नाही. उरले ते त्यांच्याकडून कपडे शिवून घेणाऱ्या बायकांनी जपून ठेवलेले आणि नंतर संग्रहालयांना दिलेले कपडे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 2014 मध्ये त्यांच्यावर मोठं प्रदर्शन भरलं, ते त्या बायकांच्या कपाटांमुळे शक्य झालं.

दुसरं नाव मार्टिन मार्जेला यांचं. 1988 मध्ये पॅरिसमध्ये घराणं सुरू करणाऱ्या या बेल्जियन वेशकाराने पहिल्यापासून जुन्या कपड्यांचे तुकडे, लष्करी मोजे, वापरलेली वस्त्रं यांतून नवं काही घडवलं. 1999च्या हिवाळ्यासाठी त्यांनी चक्क पलंगावरच्या रजईला बाह्या जोडल्या. रजईला जसा अभ्रा घालतात तसे या कोटाला वेगवेगळे अभ्रे घालता यायचे. मार्जेला यांच्या कपड्यात नावाची पट्टी कोरी पांढरी, चार कोपऱ्यांना चार टाके घालून अडकवलेली. बाहेरून फक्त ते चार टाके दिसायचे आणि पुष्कळ लोकांनी ते दोष समजून कापून टाकले. आज वापरलेल्या कपड्यांच्या बाजारात ते चार टाके शाबूत असलेला रजईकोट म्हणजे संग्राहकांसाठी मोठी गोष्ट. 2012 मध्ये एच अँड एमने तो पुन्हा काढला, स्वस्तात. आता त्या स्वस्त आवृत्तीलाही जुन्या बाजारात मागणी आहे.

*

आता घराण्यांच्या जपणुकीकडे येऊ. जुनं ठेवायची पद्धत या धंद्यात फार उशिरा आली. दर सहा महिन्यांनी नवं काढणाऱ्यांना मागच्या वर्षीचं अडगळ वाटायचं. नमुने विकले जायचे, ग्राहकांना द्यायचे, कधी टाकून द्यायचे.

1968 मध्ये क्रिस्टोबल बालेन्सियागा यांनी पॅरिसमधलं आपलं दुकान अचानक बंद केलं. तिथल्या एका वरिष्ठ कर्मचारी बाईंनी अझेदीन अलाया या ट्युनिशियातून आलेल्या तरुण शिंप्याला बोलावलं आणि उरलेले कपडे नेऊन आपल्या ग्राहकांसाठी ते उसवून नवं काही शिवा, असं सुचवलं. अलाया यांनी ते उघडून पाहिले. खांद्याची बांधणी, बाहीचा काप, आतला आधार. आणि त्यांना कात्री लावण्याची हिंमत झाली नाही. तिथून त्यांचा संग्रह सुरू झाला. पुढे पन्नास वर्षं ते लिलावांतून, जुन्या दुकानांतून कपडे घेत राहिले. बालेन्सियागा, डिओर, व्हिओने, शनेल, चार्ल्स जेम्स. 2017 मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या जवळच्या लोकांनाही कल्पना नव्हती एवढा साठा निघाला, 20 हजारांच्या आसपास कपडे. पॅरिसच्या पाले गालिएरा संग्रहालयाने 2023 मध्ये त्यातले निवडक कपडे लोकांना दाखवले.

एक शिंपी दुसऱ्या शिंप्यांचं काम विकत घेतो, कपाटात जपतो आणि कुणाला सांगतही नाही. वारसा हा शब्द मला इथे शोभतो. डिओरने आपलं जतनखातं 1980च्या दशकाच्या अखेरीस उभं केलं आणि तेव्हापासून ही मोठी घराणी आपलेच जुने कपडे लिलावात बोली लावून परत विकत घेतात. ज्या बाईंनी 1950 साली डिओरचा पोशाख शिवून घेतला आणि उसवू, फाटू दिला नाही, त्यांच्या नातींकडून घराणं तो आज विकत घेतं. इतिहास त्या घरी टिकला म्हणून घराण्याला मिळाला.

आणि दुसरीकडे याच काळात माल जाळलाही जात होता. बर्बरीच्या 2018 च्या वार्षिक अहवालात आधीच्या वर्षी 2 कोटी 86 लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याची नोंद होती. सवलतीत विकला तर नावाची किंमत घसरेल, ही भीती. लोक चिडले, कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही पद्धत थांबवल्याचं जाहीर केलं. बर्बरी एकटी नव्हती, धंद्याची ती रीतच होती. फ्रान्सने 2020 मध्ये कायदा करून न विकलेला माल नष्ट करण्यावर बंदी आणली आणि युरोपीय संघाच्या नियमानुसार मोठ्या कंपन्यांना 19 जुलै 2026 पासून न विकलेले कपडे नष्ट करता येत नाहीत.

न्यायालयातही झगडा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या कपड्यांच्या प्रसिद्ध दुकानावर शनेलने 2018 मध्ये दावा लावला. काही वस्तू अस्सल नाहीत आणि दुकान शनेलशी आपलं नातं असल्याचा भास निर्माण करतं, असे आरोप होते. फेब्रुवारी 2024 मध्ये ज्युरीने शनेलच्या बाजूने निकाल देऊन 40 लाख डॉलरची भरपाई ठरवली. नकली माल अस्सल म्हणून विकणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, यात दुमत नाही. पण पैसे मोजून घेतलेली अस्सल वस्तू पुढे विकायचा हक्क मालकाचा आहे, हे तत्त्व अमेरिकेच्या कायद्यात पक्कं आहे आणि ते पक्कं राहणं मला फार गरजेचं वाटतं. घराण्यांनाही हे उमगू लागलं आहे. गुच्ची आणि बालेन्सियागा ज्यांच्या मालकीची आहेत, त्या केरिंगने 2021 मध्ये पॅरिसच्या व्हेस्टिएर कलेक्टिव्ह या वापरलेल्या उंची वस्तूंच्या बाजारपेठेत भागीदारी घेतली.

*

या बाजारात शिरलं की कपडा वाचायला शिकावं लागतं. बर्बरीचं उदाहरण घ्या. 1856 मध्ये 21 वर्षांच्या थॉमस बर्बरी यांनी बेसिंगस्टोकला दुकान काढलं, 1879 मध्ये गॅबर्डिन कापड शोधलं. कंपनीचं नाव शेवटी 'स' लावून 'बर्बरीज' असं लिहिलं जायचं. 1999 मध्ये तो 'स' गेला. म्हणून आतल्या पट्टीवर 'बर्बरीज' दिसलं तर, पट्टी खरी असेल तर, जॅकेट त्याआधीचं. जपानमध्ये सान्यो शोकाई या कंपनीकडे 2015 पर्यंत बर्बरीचा परवाना होता आणि तिथल्या ग्राहकांसाठी 'ब्लू लेबल' आणि 'ब्लॅक लेबल' नावाने वेगळा, अंगाबरोबर बसणारा माल निघायचा. जगभर विकली जाणारी बरीच जुनी बर्बरी जॅकेटं या जपानी कपाटांतून आली आहेत. ती अस्सल आहेत, फक्त माप लहान. इंग्लंडचा 'मध्यम' आकार समजून घेतलेलं जॅकेट खांद्यात अडकतं आणि ते नकली असल्याची तक्रार होते.

पट्टीवरचा देशही वाचावा. बर्बरीने वेल्समधल्या ट्रिऑर्की गावचा कारखाना मार्च 2007 मध्ये बंद केला. सुमारे 300 माणसांचं काम गेलं. गावाने मोठा लढा दिला, नामवंत वेल्श कलाकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी उपयोग झाला नाही. त्या कारखान्यात पोलो शर्ट शिवले जात, जॅकेटं नव्हेत. पण ब्रिटिश वारसा सांगणाऱ्या कंपनीने ब्रिटिश शिवणकामाचं काय केलं, ते या घटनेतून दिसतं. इटलीची गोष्टही सरळ नाही. जून 2024 मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओरची एक उत्पादन कंपनी न्यायालयीन देखरेखीखाली आणली, कारण तिच्या उपकंत्राटदारांच्या कार्यशाळांत कामगारांचं शोषण चालल्याचं तपासात दिसलं. कच्चा माल वगळता सुमारे 53 युरोंना बनवून घेतलेली बॅग दुकानात 2,600 युरोंना, हा आकडा त्या कागदपत्रांतून बाहेर आला. फेब्रुवारी 2025 मध्ये ती देखरेख मुदतीआधी उठली. 'मेड इन इटली' ही पट्टी वाचताना हे आठवायला हवं.

मुंबईचा हातही या कपड्यांवर आहे. इथल्या कारखान्यांत आणि अड्ड्यांवर युरोपच्या घराण्यांचं जरदोजी, मणिकाम, भरतकाम कित्येक वर्षं होतंय. लाकडी चौकटीभोवती बसलेले कारागीर, बहुतेक बिहार-बंगाल-उत्तर प्रदेशातून आलेले, आरीच्या सुईने जे भरतात ते पॅरिसच्या रंगमंचावर जातं आणि आत पट्टी लागते ती युरोपातल्या देशाची. 30 मार्च 2023 रोजी डिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला कपड्यांचा सोहळा केला आणि मुंबईच्या चाणक्य या भरतकामसंस्थेचं नाव उघडपणे घेतलं. ती चांगली सुरुवात होती. भायखळ्यापासून धारावीपर्यंतच्या बाकीच्या हातांना अजून नाव मिळायचं आहे.

नव्या जॅकेटबद्दल माझी मुख्य अडचण वेगळी आहे. एका जॅकेटमध्ये नायलॉनचं बाह्य कापड, पॉलिएस्टरचं अस्तर, बदक किंवा हंसाची लव, धातूची किंवा प्लास्टिकची चेन, रबरी पट्ट्या, असं सगळं एकत्र शिवलेलं असतं. लोकरी स्वेटर पिंजून पुन्हा सूत काढता येतं, हे आपल्या पानिपतला चांगलं ठाऊक आहे. असं जॅकेट वेगळं करणं मात्र कष्टाचं आणि महाग, म्हणून ते शेवटी कचऱ्यात जातं. त्यात जिवंत पक्ष्यांची पिसं उपटण्याचा क्रूर प्रकार काही ठिकाणी उघड झाला आणि लव कुठून आली हे दाखवणारी प्रमाणपत्रं पुढे आली. आधीच शिवून झालेल्या जॅकेटसाठी नव्या पक्ष्याची गरज नसते. एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं.

पण जुनं घ्यायचं तर डोळे उघडे ठेवून. लव भरलेलं जॅकेट उजेडासमोर धरा. कप्प्यात गोळे दिसले तर ते नीट वाळवलेलं नाही. वास घ्या. ओल्या कोंबडीसारखा वास येत असेल तर आत ओल मुरली आहे. शिवणींतून एखादं पीस डोकावणं चालतं, ओळीने डोकावत असतील तर कापड विरलं आहे. कृत्रिम भराव दाबून सोडा. तो वर आला नाही तर त्याचा जीव संपला. चेन दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडून लावा. आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेली 1980-90च्या दशकांतली जॅकेटं चिकट होऊ लागतात, थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्यावर इलाज नाही. संग्रहालयांनाही हाच त्रास होतो. उलट कोपर झिजलेलं, मनगट विरलेलं, अस्तर उसवलेलं जॅकेट घाबरून सोडू नये. अस्तर बदलता येतं, मनगटाला पट्टी लावता येते. बार्बरचे मेणकोट तर पुन्हा मेण लावण्यासाठी कारखान्यात परत जातात आणि ठिगळांसह वीस-तीस वर्षं चालतात. इंग्लंडच्या खेड्यात ठिगळ लावलेल्या कोटाला लोक मान देतात.

नाव पाहून घ्यायची घाई करू नका. चार आकडी युरो मोजून घेतलेल्या काही जॅकेटांचे टाके मला आतून फार घाईचे वाटले आहेत. सफोकमध्ये शिवलेली साधी, कमी प्रसिद्ध जॅकेटं जास्त नेटकी निघाली. टाक्याची लांबी सारखी आहे का, शंकरपाळीचे कोपरे खिशाच्या कडेशी जुळतात का, कॉलरच्या आतली शिवण झाकली आहे का, हे पाहायला पैसे लागत नाहीत.

मराठी वाचकांपैकी अनेकांची मुलं आज टोरंटो, बर्लिन, एडिंबरा, शिकागो इथे शिकायला जातात. पहिला हिवाळा कठीण असतो आणि पैसे कमी असतात. त्यांना सांगा की नवं जॅकेट घेण्याआधी तिथल्या चॅरिटी दुकानांत, वापरलेल्या कपड्यांच्या बाजारात एक चक्कर मारा. चांगल्या घराण्याचं, नीट शिवलेलं, आधी कुणीतरी घातलेलं जॅकेट तिथे वाट पाहत असतं. ते घ्या, धुवा, उसवलेलं शिवून घ्या. आतल्या पट्ट्या कापू नका. आणि पुढे कधी ते दुसऱ्याला द्याल किंवा विकाल, तेव्हा कुठे आणि कधी घेतलं, कोणती दुरुस्ती केली, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आतल्या खिशात ठेवा.